बाहेरचा गिलावा

सिंधूने टेपचं टोक चपलेखाली दाबून धरलं आणि पट्टी भिंतीला लावून वर नेली. आकडा वाचायला मान मागे टाकली तशी पट्टी हातातून निसटली आणि मनगटाला ओरखडा काढत सर्रकन डबीत शिरली. तिने ती पुन्हा ओढली. वर परांचीवर उकिडवा बसलेला मिस्त्री थापी हातात धरून बघत राहिला.

"काय मोजून राहिल्या, मॅडम?"

"भिंत."

"ती तर आप्पाची हाय."

"बघावी तर मलाच लागते ना?"

मिस्त्रीने थापी घमेल्याच्या कडेवर आपटून झाडली.

"अजून किती चढवणार आहेत?" तिने विचारलं.

त्याने मागे वळून आप्पांच्या अंगणात पाहिलं. तिथे कुणी नव्हतं. "आप्पा म्हणले, तिकडचं दिसाया न्हाई पायजे, एवढी."

बोलून गेल्यावर आपण काय बोललो हे त्याच्या ध्यानात आलं असावं. त्याने घाईघाईने घमेल्यातला माल थापीवर घेतला आणि पुढची वीट ठोकून बसवली. ओल्या सिमेंटचे दोन शिंतोडे सिंधूच्या ओढणीवर पडले. भिंत साडेसात फूट झाली होती आणि वर अजून दोरी ताणलेली होती.

तिकडचं म्हणजे सिंधूचं.

जळकोट रस्त्याला गावाच्या कडेला ही नवी वसाहत झाली, तेव्हा सिंधूने आणि धम्मदीपने इथे प्लॉट घेतला होता. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायची, तो नांदेडला रेल्वेच्या कचेरीत होता आणि शनिवारी रात्री घरी यायचा. घर बांधताना नगरपंचायतीच्या परवानगीसाठी किती खेटे घातले ते तिचं तिला माहीत. जिना हद्दीकडे हातभर सरकला म्हणून नकाशा परत आला होता. पुढे इतकी जागा सोडा, बाजूला इतकी सोडा. तिने सोडली. ज्यांना रीतसर काही मिळायला पिढ्या गेल्या त्यांनी तरी रीत मोडू नये, असं तिचे वडील म्हणायचे.

शेजारचं घर ईश्वरप्पांचं. मोंढ्यात त्यांची आडत होती. आता दुकान मुलगा बघायचा आणि आप्पा दिवसभर ओट्यावर खुर्ची टाकून बसायचे. दोन्ही प्लॉटच्या मध्ये तेव्हा नुसती तार होती, दगडी खांबांना बांधलेली, मधे झोळ पडलेली. त्या तारेशी सकाळी फुलं तोडायच्या निमित्ताने उमाबाई यायच्या. ईश्वरप्पांची बायको, साठीची, ठेंगणी, कपाळावर विभूतीचे ठळक पट्टे. तारेवरून त्या काय काय द्यायच्या. शेवग्याच्या शेंगा, दह्याची वाटी, येळवशीच्या सणाला भज्जी आणि आंबील. "खाऊन बघ गं पोरी," म्हणायच्या. शाळेतून यायला उशीर झाला की विचारायच्या, "आज लई येळ केलीस?" आई बिलोलीला, नवरा नांदेडला, लेक सृष्टी अजून लहान. या गावात सिंधूची वाट बघणारं तेवढं एकच माणूस होतं.

मग एप्रिलात जयंती आली. धम्मदीपने गच्चीवर निळा झेंडा लावला. त्याचे कचेरीतले चार मित्र बायकापोरांसह जेवायला आले, दुपारभर स्पीकरवर गाणी झाली. पुढच्याच आठवड्यात ईश्वरप्पांच्या दारात विटांची ट्रॉली रिकामी झाली आणि तार निघाली. त्यांच्या उरलेल्या बाजूंना होती ती तार तशीच राहिली. एकीकडे खताचं गोदाम होतं, मागे रिकामा प्लॉट. तिकडचं काही झाकायचं नव्हतं. भिंत फक्त सिंधूच्या बाजूला उठत होती.  

पाया खणला त्या दिवसापासून उमाबाई दिसेनाशा झाल्या. म्हाताऱ्याने बायकोला दम भरला असणार, हे सिंधूने ओळखलं. तिच्या रागात तेव्हापासून त्यांचाही राग मिसळला. आपल्या वाटणीचा आणि त्या बोलू शकत नव्हत्या म्हणून त्यांच्याही वाटणीचा.

संध्याकाळी धम्मदीपचा फोन आला.

"मोजलीस? कशाला?" तो म्हणाला. "आपल्याला तिथं राहायचं आहे, सिंधू. बांधू दे त्यांना. आपली काय जागा घेतली का?"

"जागा नाही घेतली."

"मग?"

"तू नांदेडला राहतोस. चहाचा कप घेऊन मी मागच्या दारात उभी राहते."

पलीकडून गाडीची घोषणा ऐकू आली. तो काहीतरी म्हणाला, ते तिला नीट ऐकू आलं नाही आणि तिने पुन्हा विचारलंही नाही.

सकाळी ती नगरपंचायतीत गेली. शाळेला सुट्टी होती, सृष्टी आजोळी बिलोलीला होती, वेळच वेळ होता. बांधकाम विभागातला अभियंता तिशीच्या आतला, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. त्याने तिला बसायला सांगितलं, कूलरचं तोंड तिच्याकडे फिरवलं आणि संगणकात पाहिलं.

"ईश्वरप्पा... न्हाई, मॅडम. या नावावर कुंपणाचा अर्ज आलेला दिसत न्हाई."

"म्हणजे विनापरवाना."

"हाव. आणि उंची म्हणाल तर भरीव भिंत पाच फुटांपर्यंत. त्याच्यावर न्यायची असल तर जाळी लावावी लागते. आरपार दिसणारी." त्याने कोरा कागद पुढे ओढला. "तक्रार लिहून घेतो. तुम्हाला त्रास काय होऊन राहिला?"

"त्रास?"

"म्हणजे कारण. उजेड अडला, वारा अडला, पाणी तुंबतं. जे असल ते."

सिंधूने पर्स मांडीवरून टेबलावर ठेवली. "बाकीच्या बाजूंना त्यांनी तारच ठेवली आहे. भिंत फक्त माझ्याकडून आहे. ती का, ते लिहा."

पेन थांबलं. अभियंत्याने कागदाच्या माथ्यावर लिहून घेतलेलं तिचं आडनाव पुन्हा वाचलं. मग तो खिडकीकडे बघत बोलला.

"मॅडम, ते आमच्या नियमात बसत न्हाई. उंची बसते."

"पण खरं कारण ते आहे."

"असल. म्या कुठं न्हाई म्हणून राहिलो? पण तसं लिहिलं की ही फाइल इथून उठून दुसऱ्या कचेरीत जाती. मग साक्षीदार, पुरावे. ते म्हणतील, माझ्या घराला माझी भिंत, मी कुणाला काय बोललो? आणि भिंत हाय तिथं हाय." त्याने आवाज खाली आणला. "उंची लिहा. उंचीला साक्षीदार लागत न्हाई. म्या स्वतः उभं राहून उतरवतो."

तो चांगला माणूस होता आणि बोलत होता तेही खरं होतं. त्यानेच सिंधूचं डोकं जास्त तापलं. समोरचा एखादा उद्धट असता, लाच मागणारा असता, तर तिला ओरडता आलं असतं.

"काय लिहू?" त्याने पुन्हा विचारलं.

"उजेड," सिंधू म्हणाली.

ती ते अशा आवाजात म्हणाली की दारातला शिपाई वळून बघायला लागला. सदर भिंतीमुळे माझ्या घरात उजेड येत नाही. तिने खाली सही केली. सही करताना पेनाचं टोक कागदातून आरपार गेलं.

अभियंत्याने शब्द पाळला. नोटीस गेली, काम थांबलं. दोन दिवस भिंतीपलीकडून ईश्वरप्पांचा आवाज येत होता. कुणाशी तरी फोनवर बोलत होते. "माझ्या जागेत म्या काय बांधावं ते आता ह्यांनी सांगायचं? पन्नास वर्सं झाली गावात. असली नोटीस न्हाई बघितली कधी!" मुलगा नगरपंचायतीत जाऊन आला. कुणा नगरसेवकाकडूनही फोन गेला म्हणे. पण दंडाचा आकडा ऐकला तेव्हा आप्पांचा आवाज बसला आणि एका सकाळी त्याच मिस्त्रीने तीच भिंत वरून फोडायला घेतली. छन्नीच्या प्रत्येक घावाला सिंधू मागच्या दारात उभी होती. विटेचे तुकडे तिच्या अंगणात पडले. झाडू घेऊन तिने ते स्वतः गोळा केले आणि भिंतीच्या कडेला रचून ठेवले. वर्गात एखाद्या दांडग्या पोराकडून फळा पुसून घेतल्यावर वाटायचं तसं तिला थोडंसं बरं वाटलं, आणि तेवढंच.

पाच फुटांवर भिंत थांबली. सिंधू उंच होती, टाचा न उचलता तिला पलीकडचं दिसायचं. दुसऱ्या दिवशी उमाबाई फुलांची परडी घेऊन बाहेर आल्या.

"काकू!"

उमाबाईंनी वर पाहिलं. डोक्यावरचा पदर पुढे ओढला आणि जास्वंदीला हात लावलेला तसाच सोडून आत गेल्या. आत जाताना त्यांनी ओट्यावर बसलेल्या आप्पांकडे पाहिलं होतं. केवढी धास्ती घेतली आहे बाईने, सिंधूच्या मनात आलं. त्या रात्री ती धम्मदीपशी फोनवर बोलली तेव्हा भिंतीबद्दल कमी आणि उमाबाईंबद्दल जास्त बोलली. "एवढ्या वयात बाईला अंगणात कोंडून ठेवायचं? त्यांचं तर माझ्यावर पोटच्या पोरीसारखं होतं रे."

मे संपत आला. ढग यायला लागले, उकाडा अंगाला चिकटायला लागला. एका सोमवारी सकाळी मिस्त्री फाटकाशी येऊन उभा राहिला. टोपी हातात.

"मॅडम, एक काम होतं."

"बोला."

"आतून गिलावा झाला. बाहेरून राहिला. पावसाच्या आधी केला न्हाई तर विटा पाणी पितील आणि ओल सगळी आप्पाच्या बाजूला निघंल. भिंतीला लागूनच त्यांनी देवघराची खोली काढली हाय." त्याने सिंधूच्या अंगणाकडे बोट केलं. "बाहेरचा गिलावा इकडूनच करावा लागतो. परांची तुमच्यात लागंल. तुमी हाव म्हणलात तर."

सिंधूला समजायला क्षणभर वेळ लागला. भिंतीची बाहेरची बाजू तिच्या अंगणात होती. तिच्या फाटकातून आल्याशिवाय, तिच्या जमिनीवर उभं राहिल्याशिवाय तिला हात लावता येत नव्हता. याला नगरपंचायतीची परवानगी लागत नव्हती. तिची लागत होती.

"तुम्हाला नाही सांगत," ती म्हणाली. "ज्याची भिंत आहे त्याला पाठवा. दोघांना पाठवा. आप्पांना आणि काकूंना."

उमाबाईंचं नाव तिने मुद्दाम घेतलं. म्हाताऱ्याला त्या बाईसमोर बोलायला लावायचं होतं.

ते येतील असं तिला वाटलं नव्हतं. पण दिवस कलताना फाटक वाजलं. पुढे ईश्वरप्पा, धुतलेलं धोतर, खांद्यावर उपरणं. मागे उमाबाई. सिंधूने पुढच्या खोलीत दोन खुर्च्या ओढल्या. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, शेजारी बुद्धाचा. आप्पांनी दोन्हींकडे बघून न बघितल्यासारखं केलं आणि बसले. उमाबाई खुर्चीच्या कडेला टेकल्या, पाय जवळ घेऊन.

"बसा. पाणी आणते."

स्वयंपाकघरात सिंधूने स्टीलचे दोन ग्लास घासलेले असूनही पुन्हा विसळले.  तिचं ठरलं होतं. ग्लास पुढे ठेवायचे. आप्पा म्हणतील, आत्ताच पिऊन आलो. म्हणतील, गळ्याला थंड चालत न्हाई. मग म्हणायचं, तर माझ्या अंगणातलं पाऊलही तुम्हाला चालायचं नाही. उठा. जे कुठल्या नियमात बसत नव्हतं ते आज इथे, या खुर्चीवर, सगळ्यांना दिसेल असं पुढे येईल. यासाठी तिला अभियंता नको होता.

तिने ट्रे दोघांच्या मधे स्टुलावर ठेवला आणि समोर उभी राहिली. बसली नाही.

ईश्वरप्पांनी ग्लास उचलला, ओठाला लावला आणि घटाघट रिकामा केला. उपरण्याने मिशा पुसल्या.

"थंडगार हाय. माठातलं?"

"हो," सिंधू म्हणाली. 

"फ्रिजचं म्या पीत न्हाई. घसा धरतो." त्यांनी ग्लास ट्रेमध्ये ठेवला. "हे बघा मॅडम, झालं गेलं. तुमी बी मास्तरीण, शिकलेल्या. आमचं बी चुकलं, परवानगी काढाया पायजे होती. आता गिलाव्याचं तेवढं करू द्या. माणसं दोन दिवसांत काम उरकतील, कचरा बी उचलून न्यायला सांगतो."

सिंधू त्यांच्याकडे बघत नव्हती. दुसरा ग्लास स्टुलावर काठोकाठ भरलेला होता.

"काकू, पाणी घ्या."

उमाबाईंनी मांडीवरच्या पदराची घडी केली. ती उलगडली आणि पुन्हा केली.

"माझा सोमवार हाय."

"सोमवारला पाणी चालतं की," आप्पा म्हणाले. हलकेच म्हणाले, पण सिंधूला ऐकू आलं. "घे. घोटभर घे."

उमाबाईंनी मान हलवली. त्यांनी वर पाहिलं तेव्हा डोळ्यांत धास्ती नव्हती. ओशाळलेपणही नव्हतं. होतं ते ठाम आणि शांत होतं, त्या तारेशी उभ्या राहायच्या तेव्हा असायचं तसंच. दह्याची वाटी सिंधू घासून, त्यात चार लाडू घालून परत द्यायची, तेव्हाही त्या असंच बघत म्हणायच्या, "ठिव तिथं दगडावर, नेते मग." लाडू नेले होते का कधी? सिंधूने ते कधी पाहिलं नव्हतं. दुपारपर्यंत वाटी जागेवर नसायची, एवढंच.

"मला काय," आप्पा म्हणाले. ते आपल्या तळहाताकडे बघत बोलत होते. "मला तर तार बी चालत होती, मॅडम. ह्या वयात म्हाताऱ्या माणसाला भिंतीचं काय..."

उमाबाई उठल्या. आप्पांचं वाक्य तिथेच राहिलं. तेही उठले.

"मग? काय म्हणता? पाठवू माणसं?"

ठरवलेलं सगळं सिंधूच्या डोक्यात होतं, शब्दन् शब्द. पण ते ज्याच्यासाठी ठरवलं होतं तो माणूस पाणी पिऊन मोकळा झाला होता.

"पाठवा," ती म्हणाली.

"बरं झालं. लई बरं झालं." त्यांनी हात जोडले. उमाबाई तोवर फाटकाशी पोचल्या होत्या. जाताना त्यांनी साडीचा घोळ एका हाताने वर धरला होता, फाटकाला लागू नये असा.

सिंधू खोलीत परत आली. आप्पांचा रिकामा ग्लास, शेजारी भरलेला. तिने भरलेला उचलला आणि काय करावं ते न कळून हातात घेऊन मागच्या दारात आली. बाहेर अजून उजेड होता. भिंतीच्या कच्च्या विटा दिवसभराची धग सोडत होत्या.

पलीकडून बादलीचा आवाज आला. मग पाण्याचा.

ती भिंतीजवळ गेली. पाच फुटांवरून सगळं दिसत होतं. अंगणातल्या हौदाशेजारच्या फरशीवर ईश्वरप्पा उभे होते. कपडे उतरवले नव्हते. धोतर, सदरा, उपरणं, सगळ्यासकट. उमाबाई हौदातून तांब्या भरत होत्या आणि त्यांच्या डोक्यावर ओतत होत्या.  आप्पा शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखे हात खाली सोडून उभे होते. पाणी त्यांच्या मिशांवरून, छातीवरून, पायांवरून वाहत दाराकडे जात होतं. एक तांब्या झाला की उमाबाई पायरीवर चार थेंब शिंपडायच्या, मग पुन्हा भरायच्या.

आप्पांनी डोळ्यांवरचं पाणी निपटलं आणि समोर पाहिलं. भिंतीवर सिंधूचा चेहरा होता.

त्यांनी मान खाली घातली. उमाबाईंनी त्यांच्या नजरेच्या मागे वळून पाहिलं. त्यांना सिंधू दिसली. तांब्या त्यांच्या हातात क्षणभर थांबला आणि पुन्हा ओतला गेला.

सिंधू हलली नाही. तिने ग्लास तोंडाला लावला आणि त्यांच्याकडे बघत सगळं पाणी प्यायली, शेवटच्या घोटापर्यंत. मग ग्लास मागच्या पायरीवर ठेवला, घराला वळसा घालून पुढे आली आणि फाटकाला आतून कुलूप लावलं.